दुसरा राउटर कपाटात ठेवायचा की रॅकमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सुमारे शंभर संगणक आणि संस्थेचा मुख्य सर्व्हर आहे. अकरा शाखा आयपीसेक टनेलने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सांकेतिक खासगी वाटेने, या कार्यालयाशी जोडलेल्या आहेत. एका कंपनीची लीज लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी) आणि दुसऱ्या कंपनीचे स्थिर पत्त्याचे ब्रॉडबँड, अशा दोन्ही लाइनी एकाच राउटरला येतात. आता तसाच दुसरा राउटर विकत घेतला आहे. तो कपाटात तयार ठेवावा की चालू जोडावा, आणि व्हीआरआरपी (एक राउटर बंद पडल्यास दुसऱ्याला त्याची जागा घेऊ देणारा प्रोटोकॉल) लावले की काम झाले असे समजावे का, असे विचारले आहे.

राउटर रॅकमध्येच जोडावा; लीज लाइन पहिल्या राउटरवर ठेवून ब्रॉडबँड नव्या राउटरकडे न्यावे. कपाटातल्या राउटरवर जुने सॉफ्टवेअर असते, मधल्या काळात जोडलेल्या शाखांची नोंद त्यात नसते, आणि तो बसवू शकणारा माणूस ऐन वेळी बाहेरगावी असतो. मात्र व्हीआरआरपी लावणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. शेजारचा राउटर जिवंत आहे की नाही, एवढेच व्हीआरआरपीला समजते. त्या राउटरमागची लाइन चालू आहे का, शाखांकडची पॅकेट्स कोणत्या वाटेने येणार आहेत, दोन्ही लाइनी एकाच खांबावरून येतात का, यांपैकी कशाचाही त्याला पत्ता नसतो. राउटर जळून कार्यालय बंद पडण्याचे प्रसंग मी फार कमी पाहिले आहेत. बहुतेक खोळंबे याच गोष्टींमुळे होतात, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे.

आधी प्रोटोकॉलची निवड. सिस्कोने याच कामाच्या आपल्या एचएसआरपी या प्रोटोकॉलची माहिती १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) २२८१ म्हणून प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी व्हीआरआरपीची पहिली व्याख्या आरएफसी २३३८ मध्ये आली. सध्याची तिसरी आवृत्ती २०१० च्या आरएफसी ५७९८ मध्ये आली आणि २०२४ च्या आरएफसी ९५६८ ने त्या दस्तऐवजाची जागा घेतली आहे. दोन्ही राउटर सिस्कोचे असतील तर एचएसआरपी चालेल. मायक्रोटिक कंपनीचे असतील, लिनक्सवर कीपअलाइव्हडी (व्हीआरआरपी चालवणारे सॉफ्टवेअर) चालवत असाल किंवा पुढे एखादा राउटर दुसऱ्या कंपनीचा येण्याची शक्यता असेल, तर व्हीआरआरपीच घ्यावे. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरवर कार्प हा तसाच प्रोटोकॉल मिळते. कार्यालयाच्या दृष्टीने या सर्वांचे काम एकच आहे: दोन राउटरांनी मिळून एक आभासी गेटवे पत्ता (संगणक बाहेरची पॅकेट्स ज्याच्याकडे पाठवतात तो) सांभाळायचा, आणि एकाने मान टाकली की दुसऱ्याने तो पत्ता स्वतःकडे घ्यायचा.

पत्त्यांची मांडणी अशी करावी की एकाही संगणकाला हात लावावा लागू नये. आज गेटवे १९२.१६८.१०.१ असेल, तर तोच पत्ता आभासी करावा आणि जुन्या राउटरला .२, नव्याला .३ द्यावा. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता .१ ठेवून तोच आभासी म्हणून जाहीर करण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास तो राउटर त्या पत्त्याचा मालक ठरतो, त्याचे प्राधान्य (ज्याचा आकडा मोठा तो राउटर सक्रिय राहतो) २५५ वर कायमचे अडकते आणि पुढे लाइन बंद पडल्यावर प्राधान्य कमी करण्याचा मार्गच उरत नाही. राउटरांच्या या जोडीला व्हीआरआरपीमध्ये द्यायचा गटाचा क्रमांक १ ठेवू नये, कारण बहुतेकजण तोच ठेवतात. त्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या जाळ्यात) त्याच क्रमांकाची दुसरी जोडी आली तर दोन्ही जोड्यांचा आभासी मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) एकच होतो, कारण ००-००-५ई-००-०१ नंतरची शेवटची जोडी ही गटाच्या क्रमांकाचीच असते. आणखी एक बारकावा असा की मूळ व्याख्येप्रमाणे मालक नसलेल्या राउटरने आभासी पत्त्यावर आलेली पॅकेट्स स्वतःसाठी स्वीकारायची नसतात. काही उपकरणे हे काटेकोरपणे पाळतात, त्यामुळे .१ ला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जात नाही आणि संगणकांचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) त्याच पत्त्यावर असेल तर तोही बंद पडतो. ज्युनिपरवर यासाठी ॲक्सेप्ट-डेटा हा पर्याय लावावा लागतो.

वेळेचे गणित एकदा समजून घेतले की चाचणीच्या वेळी गोंधळ होत नाही. सक्रिय राउटर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, आयपी प्रोटोकॉल ११२ वापरून, आपण जिवंत असल्याची जाहिरात पाठवतो. राखीव राउटर तीन जाहिरातींइतका वेळ आणि त्यावर थोडा जास्तीचा वेळ वाट पाहतो. हा जास्तीचा वेळ २५६ मधून प्राधान्य वजा करून २५६ ने भागल्यावर येतो. प्राधान्य १०० असेल तर तो ०.६१ सेकंद होतो, म्हणजे एकूण ३.६१ सेकंद. पण सक्रिय राउटर नीट बंद केला, तर जाता जाता तो प्राधान्य ० ची जाहिरात पाठवतो आणि राखीव राउटर केवळ त्या ०.६१ सेकंदात ताबा घेतो. त्यामुळे मेनूमधून राउटर बंद करून ‘एकही पिंग चुकला नाही’ असा निष्कर्ष काढू नये. वीज जाते तेव्हा कोणी निरोप घेऊन जात नाही, म्हणून चाचणी प्लग उपटूनच करावी.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. लीज लाइनची फायबर रस्त्यावर कुठेतरी तुटली, तरी तुमच्या रॅकमधल्या ओएनटीचा किंवा मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर आणि राउटर यांच्यामधल्या पेटीचा) राउटरकडचा पोर्ट बहुतेक वेळा चालूच राहतो. राउटरच्या दृष्टीने केबल जोडलेली आहे, दिवा हिरवा आहे, इंटरफेस अप आहे. व्हीआरआरपीच्या जाहिराती लॅनकडे सुरळीत जात राहतात, राखीव राउटर निवांत बसतो आणि शंभर संगणकांची पॅकेट्स सक्रिय राउटरमार्गे कुठेच पोहोचत नाहीत. म्हणून केवळ इंटरफेसवर लक्ष ठेवणे पुरेसे नाही. लाइनच्या पलीकडे खरोखर पोहोचता येते का, हे तपासणारी स्क्रिप्ट हवी. कीपअलाइव्हडीमध्ये तशी सोय आहे, सिस्कोवर आयपी एसएलए आणि ट्रॅक यांच्या जोडीने ते होते, आणि मायक्रोटिकवर नेटवॉचमधून स्क्रिप्ट चालवून प्राधान्य बदलता येते.

या तपासणीत तीन गोष्टी पाळाव्यात. एकाच पत्त्याला पिंग करू नये. १.१.१.१, ८.८.८.८ आणि एखाद्या शाखेचा सार्वजनिक पत्ता असे तीन घ्यावेत आणि तिन्ही गप्प असतील तेव्हाच लाइन बंद समजावी. केवळ सेवा देणाऱ्या कंपनीच्या गेटवेला पिंग करण्यात अर्थ नाही, कारण बिघाड त्याच्या पलीकडे असू शकतो. दुसरी गोष्ट, जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, ती अशी की पिंग त्याच राउटरच्या स्वतःच्या लाइनमधून बाहेर पडले पाहिजे. दोन राउटरांमध्ये रूटिंग चालू असेल, तर पहिल्याची लाइन बंद पडताच त्याचे पिंग दुसऱ्याच्या लाइनमधून जाऊ लागते आणि यशस्वी होते. मग प्राधान्य परत वाढते, ताबा परत येतो, आणि गेटवे दर काही सेकंदांनी इकडून तिकडे उड्या मारत राहतो. तिसरी गोष्ट, बंद ठरवायला सलग तीन अपयशे पुरे आहेत, पण पुन्हा चालू ठरवायला किमान दहा यशस्वी फेऱ्या मागाव्यात. तुटलेली फायबर जोडताना लाइन कितीदा येते आणि जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

प्राधान्याची वजाबाकी कागदावर करून पाहावी. पहिल्या राउटरचे १५०, दुसऱ्याचे १०० आणि लाइन गेल्यावर वजा २० असे लावलेले अनेक ठिकाणी आढळते. १३० हे १०० पेक्षा मोठेच असल्यामुळे काहीही घडत नाही. वजाबाकी ५० पेक्षा मोठी हवी, समजा ६० ची. शिवाय दुसऱ्या राउटरवर प्रीएम्प्ट, म्हणजे कमी प्राधान्याच्या राउटरकडून ताबा काढून घेण्याची मुभा, चालू असावी. व्हीआरआरपीमध्ये ती मुळातच चालू असते, तर एचएसआरपीमध्ये मुद्दाम चालू करावी लागते.

कीपअलाइव्हडीमध्ये तपासणीला वजन, म्हणजे अपयश आल्यावर प्राधान्यातून वजा होणारा आकडा, दिले नाही, तर अपयश येताच तो राउटर फॉल्ट अवस्थेत जातो आणि जाहिराती बंद करतो. हे दिसायला स्वच्छ वाटते, पण एखाद्या दिवशी दोन्ही लाइनी एकदम गेल्या तर दोन्ही राउटर फॉल्टमध्ये जातात, .१ हा पत्ता नेटवर्कवरून नाहीसा होतो आणि सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर त्याच इमारतीतला रोखपालही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तुमचा मुख्य सर्व्हर मुख्य कार्यालयातच आहे, म्हणून मी वजनाचाच मार्ग सुचवेन. दोन्ही लाइनी गेल्या तरी दोघांचेही प्राधान्य सारखेच घटते, क्रम तोच राहतो आणि आतले काम चालू राहते.

पहिला राउटर पुन्हा सुरू होतो तेव्हा बहुतेकांना दुसरा, अनपेक्षित खोळंबा अनुभवाला येतो. व्हीआरआरपी काही सेकंदांत तयार होते, पण आयपीसेक टनेल उभे राहायला आणि शाखांचे मार्ग शिकायला त्याहून बराच वेळ लागतो. प्राधान्य जास्त असल्यामुळे तो राउटर लगेच ताबा घेतो आणि शाखांची पॅकेट्स पुढे पाठवायला त्याच्याकडे अजून मार्गच नसतो. म्हणून पहिल्या राउटरवर प्रीएम्प्टला दोन मिनिटांचा विलंब लावावा, तोही फक्त पहिल्यावर. दुसऱ्यावर लावला तर पहिल्याची लाइन गेल्यावर दुसरा दोन मिनिटे नुसता पाहत बसेल. कीपअलाइव्हडीमध्ये या विलंबासाठी सुरुवातीची अवस्था बॅकअप लिहावी लागते, तशी ती दोन्हीकडे लिहावी. स्विचवरचे राउटरांचे पोर्टही एज पोर्ट (लगेच उघडणारे) म्हणून ठरवून ठेवावेत, नाहीतर जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या (स्विचमध्ये वळसे टाळणाऱ्या) नियमाने पोर्ट उघडायला ३० सेकंद जातात, त्या काळात राउटरला समोरच्याची जाहिरात ऐकू येत नाही आणि तो स्वतःला सक्रिय समजून बसतो.

आतापर्यंतचे सगळे मुख्य कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सपुरते झाले. शाखांकडून येणाऱ्या पॅकेट्सना तुमच्या आभासी पत्त्याशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे प्रत्येक शाखेतून दोन टनेल हवेत, एक पहिल्या राउटरच्या लीज लाइनवरील पत्त्याकडे आणि दुसरे दुसऱ्या राउटरच्या ब्रॉडबँडवरील पत्त्याकडे. त्यांवर हाताने स्थिर मार्ग लिहिण्याऐवजी ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) चालवावे. समजा पहिल्या राउटरचा लॅनकडचा पोर्ट गेला. गेटवे दुसऱ्याकडे सरकतो, पण शाखांचे पहिल्या राउटरकडचे टनेल धडधाकट असते. स्थिर मार्ग असतील तर शाखांची पॅकेट्स पहिल्या राउटरपर्यंत येऊन तिथेच मरतात. ओएसपीएफ असेल तर पोर्ट बंद होताच पहिला राउटर लॅनचा मार्ग जाहीर करणे थांबवतो आणि शाखा आपोआप दुसऱ्या टनेलकडे वळतात. पहिल्याचा टनेल कॉस्ट (ओएसपीएफ ज्याचा आकडा लहान तो मार्ग निवडते) कमी आणि दुसऱ्याचा जास्त ठेवला म्हणजे नेहमीच्या दिवसांत दोन्ही दिशांची वाहतूक एकाच राउटरवरून राहते. हे आवश्यक आहे, कारण जाणारी पॅकेट्स एका फायरवॉलमधून आणि येणारी दुसरीतून गेली तर ज्या फायरवॉलने जोडणीची सुरुवात पाहिलेली नसते, ती पॅकेट्स अनोळखी समजून अडवते.

इथे वेळेचाही प्रश्न आहे. ओएसपीएफ अशा टनेलवर साधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो पाठवते आणि ४० सेकंद ऐकू आले नाही तरच शेजारी मेला असे मानते. म्हणजे राउटर अचानक बंद पडल्यास मुख्य कार्यालयाला ३.६ सेकंदांचा आणि शाखांना ४० सेकंदांचा खंड पडतो. तुमच्याकडे तक्रारीचे फोन शाखांमधूनच येणार आहेत. राउटर बीएफडी (शेजारी गेल्याचे लवकर ओळखणारा प्रोटोकॉल) देत असेल तर ते लावावे, नसेल तर हॅलो ३ आणि डेड १२ सेकंद करावे. त्याखाली जाऊ नये, कारण इंटरनेटवरून जाणाऱ्या टनेलमध्ये अधूनमधून पॅकेट हरवतातच.

चालू सत्रांबद्दल अपेक्षा आधीच स्पष्ट ठेवाव्यात. दोन लाइनींचे सार्वजनिक पत्ते वेगळे असल्यामुळे नॅटमधून, म्हणजे आतला पत्ता सार्वजनिक पत्त्यात बदलून, इंटरनेटवर गेलेली प्रत्येक जोडणी फेलओव्हरमध्ये (ताबा दुसऱ्या राउटरकडे जाताना) तुटणारच. पीएफसेन्समध्ये पीएफसिंक आणि लिनक्सवर कॉनट्रॅकडी चालू जोडण्यांची यादी दुसऱ्या राउटरला देत राहतात, पण सार्वजनिक पत्ता बदलला तर त्या यादीचा उपयोग होत नाही. तो पत्ताही टिकवायचा असेल तर लीज लाइन दोन्ही राउटरांपर्यंत न्यावी लागते, आणि त्यासाठी कंपनीकडून /२९ चा, म्हणजे /३० हून मोठा, पत्तासमूह मागावा लागतो. /३० मध्ये वापरण्याजोगे दोनच पत्ते असतात, एक कंपनीचा आणि एक तुमचा. तुम्हाला हवेत तीन. शिवाय मध्ये एक स्विच येतो आणि तो गेला तर ती लाइन दोन्ही राउटरांसाठी जाते. तुमच्या आकाराच्या संस्थेने या फंदात आत्ता पडू नये. फेलओव्हरनंतर एकदा पुन्हा लॉगिन करावे लागेल, असे शाखांना लेखी कळवणे स्वस्त पडते.

आणखी एक बिघाड असा आहे की तो न सांगता ओळखणे कठीण जाते. दोन्ही राउटर एकाच वेळी सक्रिय होतात. बहुतेक वेळा कारण फायरवॉलचा नियम असते: टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी यांना परवानगी दिलेली असते, पण प्रोटोकॉल ११२ यांपैकी कशातच बसत नाही आणि शेवटच्या ‘बाकी सर्व अडवा’ या ओळीत अडकतो. राखीव राउटरला काही ऐकू येत नाही, म्हणून तोही पुढे येतो. लक्षण असे दिसते की काही संगणकांवर इंटरनेट चालते, काहींवर चालत नाही, आणि पाच मिनिटांनी नेमके उलट होते. स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता दोन पोर्टांमध्ये उड्या मारत असल्याच्या नोंदी येतात. कीपअलाइव्हडी मुळात आभासी मॅक न वापरता स्वतःच्या कार्डाचाच मॅक वापरते, त्यामुळे तिथे ही खूणही मिळत नाही. लॅनवर पॅकेट कॅप्चर (जाणारी-येणारी पॅकेट्स नोंदवणारे साधन) लावावे. निरोगी जोडीत २२४.०.०.१८ कडे जाहिराती फक्त .२ कडून जाताना दिसतात. .२ आणि .३ दोन्हीकडून दिसल्या तर निदान झाले. व्हीआरआरपीमध्ये २००४ पासून ओळख पटवण्याची सोय नाही, म्हणून हा प्रोटोकॉल फक्त शेजारच्या राउटरच्या पत्त्याकडूनच स्वीकारावा, सरसकट उघडू नये.

राउटर दोन झाले तरी बाकी काय काय एकच राहिले, हे रॅकसमोर उभे राहून पाहावे. दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर दुसऱ्या राउटरचे पैसे वाया गेले. एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर हवा. इमारतीच्या जिन्याखाली दोन्ही कंपन्यांच्या पेट्या बसवलेल्या असतात आणि त्यांना वीज सोसायटीच्या सामाईक मीटरवरून मिळते. महावितरणचा पुरवठा गेला की रॅकमधले सगळे तुमच्या यूपीएसवर चालू राहते आणि जिन्याखालच्या दोन्ही पेट्या बंद पडतात. कंपन्यांना लेखी विचारावे की शेवटच्या टप्प्यातली फायबर कोणाची आहे आणि ती कोणत्या रस्त्याने येते, कारण दोन वेगळ्या नावांच्या कंपन्या एकाच स्थानिक केबलचालकाची फायबर भाड्याने घेत असतात आणि पावसाळ्याआधीच्या खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. मोठ्या प्रमाणावरही हेच घडलेले आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन समुद्री केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारताचा पश्चिमेकडचा इंटरनेट संपर्क मोठ्या प्रमाणावर खिळखिळा झाला. केबल दोन होत्या, पण त्यांची वाट जवळजवळ एकच होती. मोबाइल डेटाची तिसरी लाइन या दृष्टीने उपयोगी आहे. मात्र तिथे बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे त्या लाइनवरचे टनेल मुख्य कार्यालयाकडून सुरू करून शाखांकडे न्यावे लागतात आणि त्यासाठी शाखांकडे स्थिर पत्ते लागतात.

एकसारखे दोन राउटर घेतलेत ते देखभालीच्या दृष्टीने योग्यच आहे, पण दोघांवर एकाच रात्री एकच बदल करू नये. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्सचे मोबाइल आणि ब्रॉडबँड दोन्ही देशभर बंद पडले. तिथे राउटरांची कमतरता नव्हती. एका बदलात मार्ग गाळणारा फिल्टर निघून गेला, मार्गांचा पूर मूळ जाळ्यातल्या राउटरांवर आला आणि सगळेच एकदम कोलमडले. म्हणून बदल आधी राखीव राउटरवर करावा, गेटवे मुद्दाम त्याच्याकडे सरकवून दोन-तीन कामकाजाचे दिवस चालू द्यावे आणि मगच पहिल्याला हात लावावा. दोन्ही राउटरांच्या मांडणीची प्रत ऑक्सिडाइज्डसारख्या साधनाने रोज जमा करावी, म्हणजे एका राउटरवर नवी शाखा जोडली आणि दुसऱ्यावर राहून गेली, हे दुसऱ्याच दिवशी दिसते.

चाचणी रविवारी करावी, आणि ती करताना एका शाखेत माणूस बसलेला असावा. मुख्य कार्यालयातल्या एका संगणकावरून बाहेरच्या पत्त्याला, दुसऱ्यावरून शाखेला, आणि शाखेतून मुख्य सर्व्हरला अशी तीन पिंग सतत चालू ठेवावीत. पहिल्या राउटरचा प्लग उपटावा, तो परत लावून दोन मिनिटांचा विलंब पाळला जातो का ते पाहावे. मग फक्त लॅनची केबल काढावी. नंतर ओएनटीची राउटरकडची केबल तशीच ठेवून मागची फायबरची पॅच कॉर्ड काढावी. हीच चाचणी बहुतेक जण टाळतात आणि हीच सर्वांत जास्त शिकवते. शेवटी दोन्ही लाइनी एकदम काढून आतले काम चालू राहते का ते तपासावे. प्रत्येक वेळी किती पिंग गेले ते वहीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी आकडा वाढला तर लगेच कळेल.

ताबा बदलला की संबंधित कर्मचाऱ्यांना एसएमएस किंवा ईमेल गेलाच पाहिजे. फेलओव्हर नीट झाले की कोणालाच काही जाणवत नाही, आणि मग पहिला राउटर महिनोन्महिने बंद पडून राहतो. राखीव राउटरच्या लाइनवरही तीच पिंगची तपासणी सतत चालू ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी एक पूर्ण कामकाजाचा दिवस मुद्दाम दुसऱ्या राउटरवर काढावा. ब्रॉडबँडचा अपलोड वेग अकरा शाखांना पुरतो का, हे त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास समजेल.